पीसी तापून बंद पडला: खरंच काय गेलंय ते कसं तपासायचं?

ठाण्यात मानपाड्याला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाचा गेमिंग पीसी: रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, त्याच्यासोबत खोक्यात आलेलाच कूलर, बी५५० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड. सुतारानं करून दिलेल्या टेबलाच्या खणात ठेवलेला, समोर शटर. मे महिन्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी खेळता खेळता दोन-तीनदा आपोआप बंद पडला आणि खणातून जळका वास आला. आता सुरू होतो, विंडोज येतं, पण गेम अडखळतो आणि वीसेक मिनिटांनी स्क्रीन काळी होऊन पंखे जोरात सुटतात. दुकानदारानं वरवर बघून सांगितलं, ‘बोर्ड आणि कार्ड दोन्ही गेलेत, नवा सेटच घ्या.’ खरंच गेलेत का, आणि घरी तपासता येईल का, असं त्यांना हवंय.

ताई, सगळ्यात आधी हे लक्षात घ्या. ५६००एक्समध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. म्हणजे तुमच्या मॉनिटरवर जे काही दिसतं ते सगळं त्या ३०६० टीआय कार्डातूनच येतं. विंडोज दिसतंय, तर कार्ड मेलेलं नाही. विंडोजपर्यंत मशीन पोचतंय, तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क सगळे आपापल्या जागी काम करतायत. यातलं काहीतरी दुखावलेलं असू शकतं, तेच आपल्याला शोधायचंय. पण ‘दोन्ही गेलेत’ हे न तपासता केलेलं विधान आहे. त्यावर विसंबून एक रुपयाही खर्च करू नका.

आजकालची चिप स्वतःला सहजासहजी जळू देत नाही. ५६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस. तिथं पोचला की तो वेग उतरवतो, व्होल्टेज कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन थेट बंद होतं. ३०६० टीआयची मर्यादा ९३ अंश, तिचंही वागणं तसंच. त्या संध्याकाळी पीसी बंद पडला, याचा पहिला अर्थ संरक्षण चाललं असा घ्यायचा. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली तेव्हा तर एएमडीनं उघड सांगितलं होतं की पूर्ण लोडवर हे प्रोसेसर ९५ अंशांवर चालणार, त्यांची रचनाच तशी आहे. म्हणून एका संध्याकाळच्या उष्णतेनं प्रोसेसर गेला, हे मी पुराव्याशिवाय मान्य करत नाही.

उष्णता खाते ती ज्यांना स्वतःचं संरक्षण नाही अशा भागांना. चिप आणि कूलर यांच्यामध्ये लावलेली पेस्ट वाळते, तेच काम करणारे मऊ थर्मल पॅड कडक होतात, पंख्याच्या बेअरिंगमधलं वंगण संपतं, कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं पडतं, एसएमपीएसमधले (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकतात. कपॅसिटरचा एक ढोबळ हिशेब आमच्या कामात सगळ्यांना पाठ असतो: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे मला त्या एका संध्याकाळपेक्षा बंद खणात गेलेल्या आधीच्या महिन्यांची जास्त काळजी वाटते. आणि म्हणून तपासणीचा क्रमही असा: स्वस्त भागांवर संशय आधी, महागड्या चिपवर सगळ्यात शेवटी. दुकानात बहुतेक वेळा नेमकं याच्या उलट होतं, आणि लोकांचे पैसे तिथंच जातात.

तपासणीला हात घालण्याआधी बॅकअप. शटर उघडून, पीसी खणातून बाहेर टेबलावर काढून, मुलाचे प्रोजेक्ट, फोटो, जे काही परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. पुढच्या टेस्ट मशीनला मुद्दाम ताण देतात आणि अर्धवट बंद पडण्यानं फाइल खराब होतात. तपासणी पूर्ण होईपर्यंत अभ्यासासाठी वापरायला हरकत नाही, गेम मात्र नको.

आता पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. बाजूची पाटी उघडा. पहिलं काम नाकाचं. नुसत्या तापलेल्या धुळीचा वास भाजल्यासारखा असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. प्लास्टिक किंवा वायर जळल्याचा वास उग्र, घशाला लागणारा, आणि तो त्या जागी नाक नेलं की आठवड्यानंतरही येतो. कपॅसिटरमधला द्रव बाहेर आला तर बऱ्याचदा मासळीसारखा वास येतो. एसएमपीएसच्या मागच्या जाळीपाशी, कार्डापाशी, प्रोसेसरच्या वरच्या बाजूला असं तीन ठिकाणी वेगवेगळं हुंगून बघा. वास कुठून येतो ते सापडलं की निम्मं काम झालं. आणि टेबलाच्या खणातही बघा. सनमायका आणि त्याखालचा गोंद तापला तरी वास येतो, आणि मग पीसीवर विनाकारण आळ येतो.

नंतर टॉर्च घेऊन डोळ्यांनी बघा. कार्डाला जाणारा ८ पिनांचा कनेक्टर काढून आतली प्रत्येक पिन आणि भोवतालचं प्लास्टिक पाहा. एखादंच छिद्र तपकिरी किंवा आकसलेलं असेल, तर तिथं सैल संपर्क होऊन ती पिन तापली. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरला वीज देणारा कनेक्टर असतो, तोही तसाच. बोर्डाचा रंग कुठं तपकिरी पडलाय का, खास करून प्रोसेसरच्या शेजारच्या हीटसिंकखाली (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा). नव्या बोर्डांवर बहुतेक घन कपॅसिटर असतात, ते जुन्यांसारखे फुगून दिसत नाहीत. तेव्हा ‘फुगलेला नाही म्हणजे चांगला’ असं समजू नका. भिंतीतल्या सॉकेटकडेही बघा. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा स्पाइक गार्डचं छिद्र वितळलेलं दिसलं, तर तो जळका वास तिथलाच असण्याची दाट शक्यता आहे. हा पीसी पूर्ण लोडवर साधारण दोन अँपिअरच्या आतच वीज घेतो, त्यामुळे सॉकेट लहान पडत नाही, सैल असतं.

एक खूण लोकांना उगाच घाबरवते. कार्डाच्या कडेला, मेमरीच्या आसपास तेलकट ओघळ दिसतो. तो बहुतेक वेळा थर्मल पॅडमधून सुटलेलं सिलिकॉनचं तेल असतं. त्यानं शॉर्ट होत नाही. पॅड म्हातारे झालेत, एवढाच त्याचा अर्थ.

धूळ. घोडबंदर रोडच्या आसपास बांधकामं आणि मेट्रोचं काम यांनी हवेत सिमेंटची बारीक पूड कायम असते, ती ब्लोअरनं उडते. पण घरातली धूळ वेगळी असते. देवघरातल्या उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ पंख्याच्या पात्यांवर बसते, त्यावर सिमेंट चिकटतं आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तपकिरी लुकण तयार होतं. वरून पीसी स्वच्छ दिसतो. पंखा काढून हीटसिंकच्या आत उजेड मारला की पलीकडचं काही दिसत नाही. हे लुकण ब्लोअरनं निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, आणि रंगाच्या कोरड्या ब्रशनं हळूहळू सोडवा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते प्रचंड वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, स्थिर विजेची भीती असते. साफ करून झालं की प्रत्येक पंखा बोटानं फिरवा. सोडल्यावर अलगद थांबला पाहिजे. खरखर लागली, डगमगला, किंवा लगेच अडला, तर तो बदलायचा. हा भाग काही शे रुपयांचा आहे आणि कित्येकदा सगळ्या आजाराचं मूळ तोच असतो.

प्रोसेसरचा कूलर काढताना मात्र सावध राहा. तुमच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो. पिना वाकतात, कधी तुटतात. म्हणून आधी पीसी सुरू करून पाच-दहा मिनिटं थोडं काम द्या म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून, प्लग काढून, चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं सैल करा. कूलर वर ओढू नका. दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलका पिळा. सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. खाली बघा: पेस्ट खडूसारखी भुरभुरीत, मधोमध कोरडा डाग आणि कडेला जाड थर असं दिसलं, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नव्हती. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलनं पुसून, मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू तिरपे समोरासमोर थोडे थोडे आवळा. हाताला भरवसा वाटत नसेल तर हे एवढंच काम माहितगाराकडून करून घ्या.

इतकं झाल्यावरच मोजमाप. हा क्रम उलटा करू नका, कारण टेस्ट म्हणजे पुन्हा तेच तापवणं.

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, सेन्सर्सची खिडकी उघडा, आणि त्यातली लॉगिंगची सोय सुरू करा म्हणजे दर दोन सेकंदांचा आकडा फाइलमध्ये लिहिला जाईल. खोलीचं तापमानही लिहून ठेवा. हे फार लोक विसरतात. एसी लावून २४ अंशांत केलेली टेस्ट आणि मे महिन्यात ३४ अंशांत केलेली टेस्ट यांत १० अंशांचा फरक तसाच्या तसा आतल्या आकड्यांत उतरतो.

काहीही न करता पंधरा मिनिटं मशीन तसंच ठेवा. ५६००एक्स ३५ ते ५० च्या दरम्यान राहिला तर ठीक. मग सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन गुण देणारी टेस्ट दहा मिनिटं चालवा. खोक्यातल्या लहान कूलरवर हा प्रोसेसर ८० ते ८५ पर्यंत जातो, उन्हाळ्यात थोडा वर, आणि ते चालतं. गुण साधारण अकरा हजारांच्या आसपास यायला हवेत. आता नुसता वरचा आकडा बघून थांबू नका, तो कसा चढला ते बघा. माझ्या मते अख्ख्या तपासणीत सगळ्यात जास्त माहिती इथं मिळते. टेस्ट सुरू होताच दोन-तीन सेकंदांत ५० वरून थेट ९० ला उडी मारली, आणि थांबवल्याबरोबर तितक्याच झटकन खाली आला, तर प्रोसेसर आणि कूलर यांचा संपर्क नीट नाही: पेस्ट, सैल स्क्रू, किंवा कूलर तिरका बसलाय. आठ-दहा मिनिटं घेत हळूहळू चढत राहिला आणि उतरायलाही वेळ लागला, तर संपर्क चांगला आहे, कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाहीये. खात्रीसाठी बाजूची पाटी काढून तीच टेस्ट पुन्हा करा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष हवेचा. उतरलाच नाही तर पुन्हा संपर्काकडे वळा.

आणखी एक आकडा बघायचा तो वेगाचा. ५६००एक्सचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ. तापमान ९० च्या खाली असूनही वेग ३.७ च्या खाली घसरत असेल, तर प्रोसेसर तापल्यामुळे दबत नाहीये, त्याला कुणीतरी दाबतंय. बहुतेक वेळा ते बोर्डावरचं वीज पुरवणारं सर्किट असतं. त्याचं तापमान काही बोर्डांवर ‘व्हीआरएम’ नावानं दिसतं. १०० च्या वर टिकून राहिलं तर चिंतेची बाब. बोर्डावर संशय घ्यायला हा आधार आहे. दुकानदारानं असा एखादा आकडा दाखवला असता तर मी त्याचं म्हणणं गांभीर्यानं घेतलं असतं.

आता कार्ड. तुमचं खरं दुखणं मला इथं किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत दिसतं. स्क्रीन काळी होऊन पंखे पूर्ण वेगानं सुटणं ही एनव्हिडियाच्या कार्डांची ओळखीची तक्रार आहे आणि तिची मुख्य कारणं दोन: कार्ड तापून स्वतःला बंद करतं, किंवा त्याला मिळणारी वीज क्षणभर कोसळते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. वेगळं करायचं साधन म्हणजे ती लॉगची फाइल. गेम सुरू करा, स्क्रीन काळी होऊ द्या, बटण दाबून बंद करा, पुन्हा सुरू करून फाइल उघडा आणि शेवटच्या काही ओळी वाचा. तिथं ‘जीपीयू टेंपरेचर’ आणि ‘हॉट स्पॉट’ असे दोन आकडे सापडतील. हॉट स्पॉट म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा. दोन्हींतला फरक १० ते १५ अंशांचा असणं ठीक. तो २५ च्या वर गेला, किंवा हॉट स्पॉट १०० ओलांडून गेला, तर कार्डाच्या आतली पेस्ट मधून बाहेर सरकली आहे. पेस्ट आणि पॅड बदलले की असं कार्ड पुन्हा उभं राहतं. पण शेवटच्या ओळीत ७२ आणि ८५ असे शांत आकडे असतील आणि तरी स्क्रीन गेली, तर कार्ड तापलेलंच नव्हतं. मग केबल, कनेक्टर आणि एसएमपीएस बघा.

यात एक अडचण आहे. साध्या जीडीडीआर६ मेमरीच्या ३०६० टीआयवर मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरला दिसत नाही. चिप ७० वर आणि मेमरी मात्र पॅड सुकल्यामुळे भाजतेय, असं होऊ शकतं. त्यासाठी ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, टेस्ट चालवा. एकही चूक दाखवायला नको. थंड असताना शून्य आणि तापल्यावर चुका, तर पॅड बदलून पुन्हा बघा. थंड असतानाही चुका येत असतील तर मेमरीला खरी इजा झाली आहे. स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा ठिपके दिसत असतील तर ते कधी दिसतात ते बघा: पीसी सुरू होताना कंपनीचा लोगो येतो तेव्हाच दिसले तर हार्डवेअर, एकाच गेममध्ये दिसले तर आधी ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका.

कार्डाचे पंखे रिकाम्या वेळी फिरत नाहीत म्हणून पुष्कळ जण कार्ड गेलं असं समजतात. बऱ्याच कार्डांचे पंखे ५० अंशांच्या आसपास गेल्यावरच सुरू होतात. तो दोष नाही.

एसएमपीएस हा तापलेल्या पीसीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. तुमच्या पत्रात त्याचं नाव किंवा वॉट काहीच नाही, आणि दुकानदारानंही तो विषय काढलेला दिसत नाही. ३०६० टीआय एकटी २०० वॉट घेते. एनव्हिडियानं तिच्यासाठी ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवलाय. स्वस्त एसएमपीएसच्या खोक्यावर ६०० लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या लाइनवर खरे वॉट किती, ते स्टिकरवरच्या कोष्टकात बघावं लागतं. बंद खणात तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहिला, कपॅसिटर सुकले, आणि आता गेममध्ये कार्डानं एकदम वीज मागितली की तो ती पुरवू शकत नाही. हे चित्र तुमच्या लक्षणांशी जुळतं. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी, पण सॉफ्टवेअरमधला हा आकडा भरवशाचा नसतो आणि मल्टिमीटरला क्षणभराची घसरण सापडत नाही. एक सोपा प्रयोग करा: एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (कमाल किती वीज घ्यायची ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तेवढाच वेळ चालवा. आकडे आधीही शांत होते, आणि आता स्क्रीन काळी होणं थांबलं, तर एसएमपीएस किंवा केबलवरचा संशय पक्का होतो. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलच्या दोन तोंडांऐवजी दोन स्वतंत्र केबल लावून बघा.

शेवटची खात्री म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं. सोसायटीतल्या एखाद्या मुलाचा मागून आणलात तर त्याच्या केबलसकट आणा. केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिनांची मांडणी वेगळी असते. तोंड बसतं, पण चुकीच्या पिनेवर चुकीचा व्होल्ट जातो आणि डिस्क, बोर्ड क्षणात जातात. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वरची वीज राहू शकते.

रॅम उष्णतेनं क्वचितच जाते, पण तपासणं सोपं आहे. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. एक चूकही जास्त. चूक आलीच तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) रॅमचा वाढीव वेग बंद करून पुन्हा, मग एकेक काडी लावून पुन्हा. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा; एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडी) असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य असलं पाहिजे. अशी डिस्क किती मिनिटं धोक्याच्या तापमानावर राहिली हेही बऱ्याचदा तिथंच लिहिलेलं मिळतं, आणि खणात नेमकं काय होत होतं त्याचा हा चांगला पुरावा आहे. मशीन अचानक बंद पडल्यानं विंडोजच्या फाइल बिघडल्या असतील तर गेम अडखळण्याचं कारण तेही असू शकतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही विंडोजच्या फाइल तपासणारी आज्ञा चालवा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच तो सांगतो. कारण सांगत नाही. त्याला बोट दाखवून कुणी बोर्ड बदलायला सांगत असेल तर ऐकू नका. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची १८ नंबरची नोंद मात्र महत्त्वाची, ती हार्डवेअरची गंभीर चूक असते. तापमान आटोक्यात आल्यावर, बायोस मूळ सेटिंगला आणल्यावर, आणि एसएमपीएस निर्दोष ठरल्यावरही ती येत राहिली, तर आता प्रोसेसर आणि बोर्डाकडे वळायला माझी हरकत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. पाण्याचा कूलर असेल आणि काही न करताही मिनिटाभरात ९० च्या वर जात असेल, तर बहुधा पंप गेलाय. तसं असेल तर पेस्ट बदलून उपयोग नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर गेममध्ये कोसळत असतील तर ते तापण्याचं प्रकरण नसेलही. जास्तीच्या व्होल्टेजनं चिप झिजण्याचा दोष २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस नवा करा आणि वॉरंटी तपासा. आणि गेमिंग लॅपटॉप तापल्यावर टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, बंद करा, कुठलीही टेस्ट करू नका.

ताई, खणाचा निकाल मात्र आजच लावा. सुताराला बोलावून मागची प्लाय पूर्ण काढून घ्या, शटर काढून टाका, आणि पीसी भिंतीपासून वीतभर पुढं राहील असं करा. नुसत्या जाळीच्या भोकानं भागत नाही. जागा असेल तर तो टेबलावरच ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत साचलेली धूळ ओल धरते, म्हणून जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पंखे-हीटसिंक साफ करायचं ठरवून टाका.

दुकानात जायची वेळ आलीच तर लॉगची फाइल आणि खोलीच्या तापमानासकट लिहिलेले आकडे सोबत न्या. कार्ड उघडायच्या आधी बिलाची तारीख आणि सीरियल नंबर यावरून वॉरंटी उरलीय का ते बघा. कार्ड गेलं असं म्हणाले तर ‘दुसऱ्या पीसीत लावून माझ्यासमोर चालवून दाखवा’ असं सांगा. बोर्ड गेला म्हणाले तर तुमचा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर चालवून दाखवायला सांगा. दोन्हीला फार वेळ लागत नाही आणि कामाचा माणूस नाही म्हणत नाही. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्या आणि नव्याचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.